त्रेचाळीस डिस्का आणि आईचा टॅब

काल, २१ एप्रिलला, वहीतल्या यादीत शेवटच्या डिस्कपुढे खूण केली. घरच्या जुन्या डीव्हीडींवरचं चित्रण आईच्या टॅबवर आणायचं काम ६ जानेवारीला सुरू केलं होतं. तेव्हा वाटलं होतं, दोन शनिवार-रविवार पुरतील. साडेतीन महिने गेले. ज्यांच्या घरात अजून अशा डिस्का पडून आहेत, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे, चुकांसकट. त्यातली एक चूक तरी तुमच्याकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे एकूण ४३ डिस्का. ३४ नेहमीच्या आकाराच्या. बाबांनी २००५ ते २०१० या काळात घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवून घेतल्या होत्या, त्या या. उरलेल्या ९ छोट्या, ८ सेंटीमीटरच्या, थेट डिस्कवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यातल्या. बाबा आता नाहीत. प्रत्येक डिस्कवर त्यांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे: 'गच्ची', 'ताई पहिली पावलं', 'आईचं घर आवरताना'. त्यांची आई म्हणजे माझी आजी, आणि तिचा आवाज या डिस्कांखेरीज दुसरीकडे कुठेही नाही. गेल्या वर्षी डीव्हीडी प्लेअरचा ट्रे अडकला तो अडकलाच. मग एकदा आई बोलता बोलता म्हणाली, "आजींना बघून किती दिवस झाले गं." तिच्या टॅबवर हे सगळं यावं, हवं तेव्हा तिला बघता यावं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

लॅपटॉपला ड्राइव्ह नव्हता, म्हणून यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घेतला. पहिल्या दिवशी तो नुसताच टक-टक करत राहिला. डिस्क फिरायला लागायची आणि थांबायची. मला वाटलं डिस्कच गेली, आणि पोटात गोळा आला. कारण साधं निघालं: ड्राइव्ह यूएसबी हबला (एका जागेत अनेक वस्तू जोडायच्या साधनाला) जोडला होता, त्यातून त्याला पुरेशी वीज मिळत नव्हती. थेट लॅपटॉपला जोडल्यावर चालू झाला. तुमचा ड्राइव्ह असा अडखळला तर डिस्कला दोष देण्याआधी हे बघा. आणि छोट्या डिस्का ज्यात फट असते, डिस्क आत ओढून घेतली जाते, अशा ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. त्या आत अडकतात. ट्रे बाहेर येतो असाच ड्राइव्ह हवा. ट्रेमध्ये मधोमध लहान गोल खळगा असतो, तो याच डिस्कांसाठी.

डिस्क उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर दिसतो. त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइली. खरं चित्र आणि आवाज व्हीओबीत असतो, पण एकेक व्हीओबी जास्तीत जास्त १ जीबीची, त्यामुळे सलग दोन तासांचं चित्रण चार-पाच तुकड्यांत पडलेलं असतं, कधी कधी वाक्याच्या मध्यावर. कुठला तुकडा कुणाला जोडायचा, मेन्यू कुठे, भाग कुठे सुरू होतात हे आयएफओ सांगते. बीयूपी म्हणजे आयएफओचीच जादा प्रत. मी सुरुवातीला एक व्हीओबी उचलून सरळ टॅबवर टाकली. चित्र आलं, आवाज नाही. डिस्कवरचा आवाज एसी-३ या पद्धतीचा होता आणि टॅबच्या प्लेअरला तो कळत नव्हता. व्हीएलसीसारखं ॲप टाकलं असतं तर आवाजही आला असता. पण एका मोठ्या डिस्कला चार जीबीच्या वर, तर सगळ्या ४३ डिस्का टॅबमध्ये मावणं शक्यच नव्हतं. चित्राची एमपीईजी-२ ही पद्धत नव्वदच्या दशकातली आहे आणि ती जागा फार खाते. तेच चित्र एच.२६४ या नंतरच्या पद्धतीत पाव-तिहाई जागेत बसतं. म्हणजे रूपांतर करावंच लागणार होतं.

इथे माझी मोठी चूक झाली. मी घाई केली. एक फुकट मिळणारं कन्व्हर्टर उतरवलं, त्यात 'मोबाइल' नावाचा तयार पर्याय होता, तो निवडला आणि डिस्कवरून थेट रूपांतर करत सुटले. रोज दोन, कधी तीन. एक झाली की डिस्क पाकिटात घालून माळ्यावरच्या खोक्यात. आठवड्यात ११ झाल्या. खूप बरं वाटत होतं.

१४ जानेवारीला आईला पहिली फाइल दाखवली. ताई गच्चीवर धावते आहे आणि तिच्या हातापायांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. चेहरे धुरकट. आई काही बोलली नाही, टॅब थोडा लांब धरून बघत राहिली. मी फाइलची माहिती उघडली: चित्र ३२० बाय २४०. डिस्कवर ७२० बाय ५७६ होतं. तो 'मोबाइल' पर्याय कधीच्या काळच्या छोट्या पडद्यांसाठी केलेला होता आणि मी तो न वाचता वापरला होता.

कंगव्याच्या रेघांचं कारण मला त्या रात्री शोधल्यावर कळलं, आणि ते समजून घेणं उपयोगाचं आहे. जुन्या पद्धतीच्या चित्रणात सेकंदाला २५ पूर्ण चित्रं असतात असं आपण म्हणतो, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत घेतलेलं असतं. आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. जुना काचेच्या नळीचा टीव्ही त्याच क्रमाने ओळी काढायचा, म्हणून तिथे काही खटकत नसे. टॅबचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो. मधल्या क्षणात मूल पुढे सरकलेलं असतं, म्हणून अर्धं मूल इथे आणि अर्धं तिथे. या ओळी वेगळ्या करून नीट जुळवण्याला डीइंटरलेस म्हणतात. ते रूपांतराच्या वेळीच करावं लागतं. एकदा रेघा चित्रात मुरल्या आणि चित्र लहान झालं, की नंतर निघत नाहीत.

म्हणजे अकराच्या अकरा पुन्हा करणं आलं. खोकं पुन्हा खाली काढलं. सहा डिस्का नीट झाल्या. सातवी, 'आईचं घर आवरताना', ९६ टक्क्यांवर थांबली. ड्राइव्ह घरघरला, वेग कमी झाला, आणि वाचता येत नाही असा निरोप पडद्यावर आला. आठवड्यापूर्वी हीच डिस्क पूर्ण वाचली गेली होती. तेव्हा मी तिची जशीच्या तशी प्रत घेतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. माझ्याकडे होती ती फक्त ३२० बाय २४० ची रेघाळ फाइल. मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.

तेव्हापासून क्रम बदलला, आणि ही एकच गोष्ट सगळ्यांनी ऐकावी असं वाटतं: डिस्क ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा जाईल तेव्हा तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, हार्ड डिस्कवर घ्या. रूपांतर नंतर, त्या फाइलवरून. रूपांतर दहा वेळा चुकलं तरी अकराव्यांदा करता येतं. डिस्क मात्र पुढच्या वेळी वाचली जाईलच याची खात्री नसते. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि काळ यांनी तो रंग उतरतो. विकत मिळणाऱ्या सिनेमांच्या डिस्का छाप्याने बनतात, त्यांचं असं होत नाही.

बिघडलेल्या डिस्कसाठी माझ्या आत्तेभावाने, दादाने, मदत केली. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो आधी एवढंच म्हणाला, "अजून काही करू नकोस, ती पुन्हा पुन्हा घालून बघू नकोस." मग रविवारी आला. पहिल्यांदा डिस्क पुसली: मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ. गोल गोल पुसायचं नाही, कारण माहितीचा मार्ग गोलाकार असतो आणि त्याच दिशेने चरा पडला तर सलग बराच भाग जातो. उजेडात धरल्यावर कडेजवळ रंग फिका झालेला दिसत होता. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. खालच्या बाजूला नुसता चरा असेल तर पॉलिशने कधी कधी भागतं, पण थरच उतरला असेल तर वरून घासून काही होत नाही. टूथपेस्टने घासण्याचे उपाय वाचून मी तेही करायच्या बेतात होते. दादाने थांबवलं.

त्याने पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम साध्या कॉपीसारखा पहिल्या अडथळ्याशी थांबत नाही. जे सहज वाचता येतं ते आधी सगळं वाचून घेतो, अवघड जागा सोडून पुढे जातो, आणि मग त्या जागांकडे परत येऊन थोडं थोडं खरवडून काढतो. काय मिळालं आणि काय राहिलं याची नोंद मॅप फाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. डीव्हीडीसाठी ब्लॉकचा, म्हणजे वाचायच्या एकेका तुकड्याचा, आकार २०४८ बाइट सांगायचा, तेवढं लक्षात ठेवा. पहिल्या फेरीत १८० एमबी राहिली, म्हणजे जवळपास पाच मिनिटांचं चित्रण. रात्रभर, १४ तास चालू ठेवल्यावर राहिली ३१ एमबी.

मग दादाने जे केलं ते मला सुचलंच नसतं. त्याच्या घरी जुना डेस्कटॉप होता, आतला ड्राइव्ह वेगळ्या बनावटीचा. अपुरी आयएसओ आणि मॅप फाइल दोन्ही तिकडे नेली आणि तीच डिस्क तिथे लावली. डीडीरेस्क्यूने नोंद वाचली आणि फक्त राहिलेल्या जागा मागायला सुरुवात केली. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसू शकतं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला: "दोनशे केबी राहिलेत, बाकी सगळं आलं." दोनशे केबी म्हणजे चित्र एकदा क्षणभर चौकोनांत फुटतं, एवढंच. मी फोनवर रडले. त्या पाच मिनिटांत आजी कपाटातून एकेक वस्तू काढून ती कुणी दिली ते सांगते.

फेब्रुवारी सगळा आयएसओ घेण्यात गेला. चांगली डिस्क असेल तर १०–१५ मिनिटं, जुनी असेल तर अर्धा-पाऊण तास. मी संध्याकाळी इतर कामं करता करता दोन-तीन करायचे आणि वहीत लिहायचे: क्रमांक, बाबांनी लिहिलेलं नाव, कशी वाचली. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हार्ड डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, एवढं बघा. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तिच्यावर जात नाही, आणि पूर्ण भरलेल्या डिस्कची आयएसओ साडेचारच्या आसपास असते.

छोट्या डिस्कांचं प्रकरण वेगळं. नवातल्या तीन लॅपटॉपला कोऱ्या दिसत होत्या. त्या फायनलाइझ केलेल्या नव्हत्या. कॅमेऱ्यात चित्रण झाल्यावर शेवटी ही पायरी करावी लागते, त्याशिवाय दुसऱ्या यंत्राला डिस्कवर काय आहे ते वाचता येत नाही. कॅमेरा कपाटात होता, बॅटरी मेलेली, अडॅप्टर सापडेना. तो शोधण्यात आठवडा गेला. शिवणाच्या डब्यात निघाला. अडॅप्टरवर कॅमेरा चालू झाला, आणि दोन डिस्का त्याने पाच-सात मिनिटांत फायनलाइझ केल्या. तिसरी करायचं धाडस झालं नाही, कारण कॅमेऱ्यातही ती अडखळत होती आणि फायनलाइझ करणं म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणं. तिच्यासाठी आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फायनलाइझ न केलेल्या डिस्काही वाचतं. कॅमेरे टाकून देऊ नका. निदान शेवटची डिस्क होईपर्यंत तरी नाही.

मार्चमध्ये रूपांतर. आता सगळं हार्ड डिस्कवर होतं, त्यामुळे भीती नव्हती. हँडब्रेक हे रूपांतराचं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे, खुल्या स्रोताचं आहे, आणि आयएसओ सरळ उघडतं. घरच्या डिस्कांवर कॉपी रोखणारं कसलंही कुलूप नसतं, त्यामुळे तिथे काही अडचण येत नाही. एक मिनिटाचा तुकडा निवडून, ज्यात कुणीतरी धावत असेल असा, वेगवेगळे पर्याय करून बघितले आणि आईच्या टॅबवरच पाहिले. लॅपटॉपवर बघून ठरवू नका, जिथे बघायचं तिथेच बघा. शेवटी ठरलं ते असं: ५७६ ओळींचा तयार पर्याय, दर्जा आरएफ २० (हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं), डीइंटरलेसमध्ये 'बॉब', फ्रेमरेट ५०, आवाज एएसी या टॅबला कळणाऱ्या पद्धतीचा. बॉब निवडलं की त्या दोन हप्त्यांपासून दोन स्वतंत्र चित्रं बनतात आणि सेकंदाला ५० मिळतात. हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. फ्रेमरेट २५ वर बांधून ठेवला तर ती जादा चित्रं गळून जातात आणि खटाटोप वाया. फाइल थोडी मोठी होते. मला ती किंमत योग्य वाटली, कारण मुलं धावतानाच जास्त चित्रित केलेली आहेत.

कॅसेटीवरून आलेल्या चित्रात तळाशी काही ओळींची वळवळणारी पट्टी असते. टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची, टॅबवर दिसते. खालून १० ओळी कापल्या. चित्राची रुंदी-उंची मात्र हाताने बदलू नका. डीव्हीडीच्या चित्राचे ठिपके (पिक्सेल) चौरस नसतात. ७२० बाय ५७६ चं चित्र दाखवताना ताणून दाखवायचं असतं. अॅनामॉर्फिक हा पर्याय आहे तसा आपोआप राहू दिला की चेहरे बरोबर येतात. दोन छोट्या डिस्कांवर रुंद चित्र असल्याची खूणच चुकली होती आणि सगळे उंच, किडकिडीत दिसत होते, तेवढ्यापुरतंच प्रमाण मी हाताने १६:९ दिलं.

आणखी एक गोष्ट योगायोगाने सापडली. 'गच्ची' या डिस्कच्या मेन्यूत सात भाग दिसत होते आणि हँडब्रेकमध्ये सहा. शोधल्यावर कळलं की १० सेकंदांपेक्षा छोटे भाग न दाखवण्याची एक सेटिंग असते. ती शून्यावर आणली आणि सातवा भाग आला. आठ सेकंदांचा. बाबा कॅमेरा चालू आहे की नाही बघायला लेन्समध्ये डोकावतात, हसतात आणि बंद करतात. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे त्यांचं असं जवळून दुसरं चित्रण आमच्याकडे नाही. तेव्हा भाग मोजा.

रात्री रांगेत पाच-सहा डिस्का लावून झोपायचं, सकाळी बघायचं. दोन तासांच्या डिस्कला लॅपटॉपवर साधारण तास-सव्वा तास लागत होता. १४० जीबीच्या आयएसओंच्या ५० जीबीच्या आसपास एमपी४ फाइली झाल्या.

सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि सगळ्यात चांगला गेला, तो नावं देण्यात. डिस्कवरच्या फाइलीला जी तारीख असते ती बाबांनी डिस्क लिहिली तेव्हाची, चित्रणाची नव्हे. कॅमेऱ्यातल्या छोट्या डिस्कांवर तारीख होती, पण चार डिस्कांवर सगळं १ जानेवारीचं: घड्याळाची बॅटरी गेलेली. एप्रिलचे पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी आई आणि मी टॅब घेऊन बसलो. पडदे निळे आहेत म्हणजे जुन्या घरातले, १९९४ च्या आधीचे. ताईचा पुढचा दात पडलेला आहे म्हणजे दुसरीत. आजीच्या हाताला प्लास्टर आहे, ते वर्ष आईला पक्कं आठवत होतं. प्रत्येक फाइलला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मग बाबांनी लिहिलेलं नाव जसंच्या तसं. वर्ष आधी लिहिलं की टॅबमध्ये फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. महिना माहीत नसेल तिथे दोन शून्यं. दोन तासांच्या सलग फाइलीतून आईला नेमकी जागा शोधता यायची नाही, म्हणून लॉसलेसकट या सॉफ्टवेअरने प्रसंगांप्रमाणे तुकडे केले. त्यात पुन्हा रूपांतर होत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही.

आता टॅबच्या मेमरी कार्डवर सगळं आहे. आयएसओ आणि एमपी४ दोन्ही दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक ताईकडे, दुसऱ्या घरात. मूळ डिस्का टाकलेल्या नाहीत. माळ्यावरून खाली आणल्या, उभ्या लावून, अंधाऱ्या कपाटात ठेवल्या.

हिशेब असा: ४३ पैकी ३८ पूर्ण आल्या, तिघींत थोड्या जागा राहिल्या, दोन वाचल्याच नाहीत. आई सध्या रोज दुपारी बघते. परवा ती 'आईचं घर आवरताना' बघत होती. चित्र जिथे फुटतं तिथे तिने थांबवलं, थोडं मागे घेतलं, पुन्हा बघितलं. मी म्हटलं, तेवढं नाही आलं. ती म्हणाली, "डबा उघडत होत्या त्या इथे. राहू दे, मला माहितीय."

न वाचलेल्या दोन डिस्का, २७ आणि ३३, वेगळ्या पाकिटात आहेत. पाकिटावर कोणत्या ड्राइव्हने किती वाचलं ते लिहिलं आहे आणि दोघींच्या मॅप फाइली जपून ठेवल्या आहेत. सत्तावीसवर बाबांनी फक्त 'पाऊस' लिहिलंय. दादाच्या ओळखीत एकाकडे आणखी एक जुना ड्राइव्ह आहे, पुढच्या महिन्यात तिथे नेऊन लावणार आहोत.